नव्या इंजिनातला काळा प्लग : साताऱ्यातील एका मोटारसायकलीचे प्रकरण

साताऱ्यातील एका प्राध्यापिकेच्या नव्या मोटारसायकलीचे हे प्रकरण आहे. गाडी दीडशे सीसीच्या गटातली, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी आणि फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण निकषांनुसार बनलेली. ती घेऊन पाच महिने झाले होते आणि मीटरवर अकराशे किलोमीटरच्या आसपास आकडा होता. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधूनमधून इंजिन पेट घेत नाही, चौकात उभी असताना बंद पडते आणि अ‍ॅव्हरेज पहिल्या महिन्यापेक्षा बरेच उतरले आहे, अशी तक्रार होती. एका गॅरेजमध्ये स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटवणारा भाग, काढून घासून दिला, तेव्हा पंधरवडाभर गाडी बरी चालली. त्रास परत सुरू झाल्यावर दुसरा प्लग बसवण्यात आला. त्यानंतर सकाळचे सुरू होणे थोडे सुधारले, पण इंजिनातील बिघाड दाखवणारा पिवळा दिवा मधूनच लागू लागला आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, आकडा विनाकारण वरखाली होऊ लागला. माझ्याकडे गाडी आली ती तिसरा प्लग कोणता घालावा, हा प्रश्न घेऊन.

दुचाकी दुरुस्तीचे प्रशिक्षण देताना हे प्रकरण मी आवर्जून मांडतो, कारण यात मूळच्या प्लगचा स्वतःचा काही दोष नव्हता. त्याच्यावर साचलेली काजळी गाडी कशी वापरली जात आहे याचा पुरावा होती. तो पुरावा वाचण्याऐवजी पुसून टाकला गेला आणि पुसण्याच्या खटपटीत हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या, ज्या आट्यांत प्लग फिरवून बसवतात त्यांना इजा पोहोचली. काळ्या प्लगमुळे फार तर पेट्रोल आणि वेळ वाया गेला असता. देखभालीमुळे मात्र सिलिंडर हेडच बाद होण्याची वेळ आली होती.

गाडी कशी चालवली जात होती

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी गाडीची दिनचर्या विचारून घेतली. गोडोलीतील घरापासून कॉलेजपर्यंतचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर, सकाळी जाणे आणि दुपारी येणे, रविवारी गाडी घरीच. गाडी घेतली त्या दिवशी वडिलांनी बजावले होते, “नवी गाडी आहे, हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर काढू नकोस, आणि सकाळी निघायच्या आधी पाच-सात मिनिटं जागेवर चालू ठेव, म्हणजे इंजिन गरम होतं.” मुलीने हा सल्ला तंतोतंत पाळला. चाळीसच्या आत राहायचे म्हणून ती पहिल्या शंभर मीटरमध्येच चौथा-पाचवा गिअर टाकत असे आणि इंजिन कमी आरपीएमवर ओढत नेत असे.

वडिलांचा सल्ला चुकीच्या हेतूने दिलेला नव्हता आणि त्यांच्या काळात तो पुष्कळसा बरोबरही होता. राजदूत, येझदी, आरएक्स १००, जुनी चेतक या टू-स्ट्रोक गाड्यांवर ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना प्लग ही दर आठवड्याला पाहायची वस्तू वाटते. त्या इंजिनांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असे, त्यामुळे प्लगवर तेलकट काजळी बसणे ठरलेलेच होते; डिकीत जादा प्लग आणि प्लग पाना ठेवल्याशिवाय घाटात कोणी जात नसे. कार्बोरेटरवर चोक ओढून गाडी गरम होऊ देणेही भाग होते. त्या पिढीने प्लग घासून घासून हजारो किलोमीटर गाड्या चालवल्या, याचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र आजचे इंजिन निराळे आहे, आणि प्लगला त्याच्याकडून हवी असते ती जोर लावून केलेल्या चालीतून मिळणारी उष्णता.

हे तापमानाच्या आकड्यांवरून लगेच स्पष्ट होते. प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडभोवती पांढऱ्या सिरॅमिकचे जे नाक असते, त्याचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावर बसलेला कार्बन आपोआप जळून जातो. ८५० अंशांच्या पुढे तेच टोक इतके तापते, की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते आणि पिस्टनला धोका निर्माण होतो. चांगल्या प्लगने या दोन मर्यादांच्या मध्ये राहावे, अशी त्याची रचना असते. जागेवर सुरू ठेवलेले इंजिन आणि चाळीसच्या वेगाने पाचव्या गिअरमध्ये रांगणारे इंजिन, दोन्ही त्या खालच्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाहीत. त्यातच थंड इंजिनाला गाडीतला नियंत्रक संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देत असतो, कारण थंड भिंतींवर पेट्रोलचा काही भाग चिकटून राहतो. इंजिन तापले आणि सायलेन्सरच्या तोंडाशी असलेला ऑक्सिजन सेन्सर काम करू लागला, की मगच हे प्रमाण नीट आवरले जाते. पाच मिनिटे जागेवर आणि तीन किलोमीटर रस्त्यावर, एवढ्या वापरात या गाडीचा जवळजवळ प्रत्येक फेरा जास्त पेट्रोलच्या अवस्थेतच सुरू होऊन तिथेच संपत होता.

वाहन उद्योगाला ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली नवी गाडी ट्रकवर चढवताना, उतरवताना आणि आवारात इकडून तिकडे हलवताना वारंवार सुरू होते आणि शंभर-दोनशे मीटरवर बंद केली जाते, त्यामुळे ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच प्लग काळे पडतात. प्लग बनवणारे कारखाने यासाठी थंड इंजिनावर स्वतंत्र चाचणी घेतात. या गाडीच्या बाबतीत तीच अवस्था डिलिव्हरीनंतरही पाच महिने चालू राहिली.

पहिल्या प्लगची तपासणी

सुदैवाने मूळचा प्लग मालकीणबाईंनी कागदात गुंडाळून सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्याच्या नाकावर कोरडी, मऊ, मखमलीसारखी काळी काजळी होती आणि बोटाने पुसल्यावर ती बोटाला लागत होती. हा कोरडेपणा महत्त्वाचा आहे. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा अजून पुरत्या बसलेल्या नसल्यामुळे थोडे ऑइल वर येऊ शकते, पण त्या वेळी प्लग ओला, चकचकीत आणि तेलकट दिसतो. पेट्रोलने भिजलेला प्लग ओला असतो आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. कोरडी काजळी दिसली, की जास्त पेट्रोल आणि अपुरी उष्णता या दोन गोष्टींकडे पाहायचे.

काजळी वीजवाहक असते, आणि मिसिंगचे मूळ तिथेच आहे. प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलमधून येणारा विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो. त्याने इलेक्ट्रोडमधील फटीतून उडी मारणे अपेक्षित असते. सिरॅमिकच्या नाकावर कार्बनचा थर असला, की वीज फटीत उडी मारण्याऐवजी त्या थरावरून सरळ धातूच्या बाहेरच्या कवचात उतरते आणि ठिणगी पडतच नाही. टर्मिनल आणि कवच यांच्यामधील रोध मेगरने (फार मोठा रोध मोजणाऱ्या मीटरने) मोजला तेव्हा तो ४ मेगाओमच्या आसपास आला. नव्या प्लगमध्ये तो इतका जास्त असतो, की साध्या मीटरवर आकडाच येत नाही. १० मेगाओमच्या खाली उतरला, की थंड इंजिन सुरू होण्यात अडचण येऊ लागते.

काजळीच्या खाली भिंगातून पाहिल्यावर पॉलिश पेपरचे ओरखडे दिसले. सिरॅमिकची मूळची गुळगुळीत झिलई गेली होती आणि त्या खरबरीत पृष्ठावर नवी काजळी आधीपेक्षा लवकर धरली होती. तारेच्या ब्रशने घासल्यास याहूनही वाईट होते, कारण ब्रशच्या धातूचे सूक्ष्म कण सिरॅमिकवर राहतात आणि काजळीचेच काम करतात. बाजूचा इलेक्ट्रोड ठोकून फट ०.६ मिमीपर्यंत कमी करण्यात आली होती. गाडीच्या पुस्तिकेत ती ०.८ ते ०.९ मिमी दिली आहे. फट कमी केल्याने ठिणगी सहज पडते, म्हणून गाडी पंधरवडाभर बरी चालली. पण लहान फटीतली ठिणगीही लहान असते, आणि जागेवर चालणाऱ्या इंजिनात ती मिश्रण नीट पेटवू शकत नाही. या ‘सर्व्हिस’नंतरचा पंधरवडा सरल्यावर चौकात गाडी बंद पडण्याचे प्रमाण वाढले होते, ते यामुळे.

प्लगवर आणखी एक खूण होती. धातूच्या कवचाच्या लगेच वर, बाहेरच्या पांढऱ्या सिरॅमिकवर फिकट तपकिरी रंगाचे कडे उठले होते. गॅरेजमधील मिस्त्रींनी ते कडे दाखवून सांगितले होते, की इथून कॉम्प्रेशन लीक होते आहे, आधीचा प्लग ढिला बसला होता. प्रत्यक्षात हे कडे उच्च दाबाच्या विजेमुळे पडते. सिरॅमिकभोवतीच्या हवेत होणाऱ्या सूक्ष्म विसर्जनामुळे तेलाचे आणि धुळीचे कण तिथे खेचले जाऊन चिकटतात. असे कडे निरोगी प्लगवरही दिसते आणि त्याचा गळतीशी काही संबंध नसतो. परंतु या चुकीच्या निदानातूनच पुढचा खरा धोका उभा राहिला, कारण ‘ढिला होता’ म्हणून दुसरा प्लग पान्याला पाइप लावून आवळण्यात आला.

दुसरा प्लग आणि हेडचे आटे

दुसऱ्या प्लगमध्ये दोन दोष निघाले. तो पुस्तिकेतील प्लगपेक्षा एक पायरी गरम होता, आणि त्यात रोधक (वीजप्रवाहाला अडवणारा छोटा भाग) नव्हता.

गरम आणि थंड प्लग म्हणजे सिरॅमिकच्या नाकाची लांबी कमी-जास्त. लांब नाक उष्णता हळू सोडते म्हणून तापलेले राहते, आखूड नाक लवकर थंड होते. एका पायरीचा फरक टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा असतो. क्रमांक वाचताना इथे पुष्कळांची फसगत होते, कारण एनजीकेच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉशच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम होतो; एका कंपनीच्या प्लगवरचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग त्याच आकड्याने मागणे धोक्याचे आहे. गरम प्लगने काजळी कमी बसली, म्हणून सकाळचे सुरू होणे सुधारले. पण हीच गाडी मे महिन्यात मागे माणूस बसवून खंबाटकीचा घाट चढली असती, तर त्याच प्लगचे टोक वरच्या मर्यादेजवळ गेले असते. वापरातील दोषावर प्लग बदलून उपाय करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

रोधकाची गोष्ट मीटरने एका क्षणात कळते. रोधक असलेल्या प्लगच्या टर्मिनलपासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत साधारण ५ किलोओम रोध मिळतो; या प्लगमध्ये तो शून्य होता. ठिणगीमुळे निर्माण होणारा रेडिओ गोंगाट दाबणे हे रोधकाचे काम असते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत तो नसला तरी फार तर शेजारच्या रेडिओत खरखर यायची. इंजेक्शनच्या गाडीत मात्र इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा क्षीण संकेत याच गोंगाटात वाचायचा असतो. आरपीएमचा आकडा वरखाली होणे आणि पिवळा दिवा लागणे यांचे कारण हेच होते. योग्य प्लग बसवल्यावर दोन्ही लक्षणे गेली आणि परत आली नाहीत.

आट्यांचा विषय सर्वांत नाजूक. या इंजिनात प्लगचे आटे १० मिमी व्यासाचे, १ मिमी पिचचे आणि १९ मिमी लांबीचे आहेत, आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. इंजिन रात्रभर थंड होऊ दिले, प्लगच्या खळग्यात हवा मारून वाळू आणि धूळ उडवली आणि मगच पाना लावला. प्लग इतका आवळलेला होता, की एका दमात फिरवण्याचा धीर झाला नाही. आट्यांच्या तोंडाशी फटींत झिरपणारे थोडे भेदक तेल सोडून, पाव फेरी सोडवायचा आणि तेवढाच परत आवळायचा, असे करत तो हळूहळू बाहेर घेतला. वॉशर पत्र्यासारखा चपटा झाला होता आणि प्लगच्या वरच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत तुकडे अडकले होते. हेडमध्ये कॅमेरा घालून पाहिले तेव्हा बाहेरच्या बाजूचे पहिले दोन आटे कडेला दबलेले दिसले. याचा अर्थ प्लग गरम हेडमध्ये पान्यानेच तिरका सुरू केला गेला, नंतर तो सरळ वाटेला लागला आणि शेवटी पाइपच्या जोराने आवळला गेला. खालचे आटे शाबूत होते, हे गाडीचे नशीब. आणखी एकदा असाच प्लग बसवला गेला असता, तर हेड उतरवून आत स्टीलची आटेदार स्लीव्ह बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तीसुद्धा अकराशे किलोमीटर चाललेल्या गाडीत.

दबलेले आटे सरळ करण्यासाठी नवे आटे पाडणारा टॅप वापरला नाही, कारण तो धातू कापतो. जुने आटे साफ करणाऱ्या हत्याराच्या खोबणीत ग्रीस भरून ते हातानेच फिरवले, म्हणजे निघालेला चुरा ग्रीसमध्ये अडकून सिलिंडरमध्ये पडत नाही.

नवा प्लग बसवताना वापरलेली रीत सोपी असून कोणत्याही गॅरेजमध्ये करता येण्यासारखी आहे. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवायचा आणि तो पाइप बोटांत धरून प्लग खळग्यात उतरवून फिरवायचा. आटे बरोबर जुळले असतील तर प्लग लोण्यासारखा आत जातो. तिरका लागला तर रबर प्लगवर घसरते आणि आट्यांवर जोर येतच नाही. बोटांनी पूर्ण बसल्यावर टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, ११ न्यूटन-मीटरवर आवळला. १० मिमीच्या प्लगसाठी १० ते १२ न्यूटन-मीटर ही मर्यादा आहे. टॉर्क पाना नसेल तर नव्या वॉशरचा प्लग बोटाने टेकल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरी, आणि तोच प्लग परत बसवत असाल तर फेरीचा केवळ बारावा हिस्सा, एवढेच पुरे असते. ढिला ठेवणेही तितकेच घातक आहे, कारण प्लगची बहुतेक उष्णता आटे आणि वॉशर यांच्यामार्गेच हेडमध्ये उतरते. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावण्याची सवय सोडायला हवी. घर्षण कमी झाल्यामुळे पान्यावर तोच आकडा दिसतो आणि प्रत्यक्षात प्लग कितीतरी जास्त आवळला जातो.

बाकीची तपासणी आणि घाटातली चाचणी

एअर फिल्टर स्वच्छ होता, इंजेक्टर टपकत नव्हता, कॉम्प्रेशन उत्तम होते. ऑइलची पातळी मात्र वरच्या खुणेच्या थोडी वर होती आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. थंड इंजिनातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते आणि इंजिन पुरेसे तापत नसल्याने ते उडूनही जात नाही. किलोमीटरच्या हिशेबाने ऑइल बदलण्याची वेळ आलेली नव्हती, तरी ते बदलले.

मालकीणबाईंनी इरिडियम प्लगविषयी विचारले. त्याचे मधले इलेक्ट्रोड ०.४ ते ०.६ मिमी इतके बारीक असते, त्यामुळे विजेच्या कमी दाबातही ठिणगी पडते आणि झीज फार हळू होते. पैसे खर्च करायचे असतील तर तो चांगलाच आहे. पण त्याच्या नाकालाही काजळी जाळायला तेवढीच उष्णता लागते. म्हणून पुस्तिकेतल्या क्रमांकाचा साधा, रोधक असलेला प्लगच बसवला.

चाचणीसाठी यवतेश्वरचा घाट निवडला. साताऱ्याच्या अगदी उशाशी चढ आहे आणि कासपर्यंत गेले तर जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटर होतात. त्यांनी गाडी स्वतः चालवली आणि मी दुसऱ्या गाडीवर मागे होतो. चढावर तिसरा गिअर ठेवून इंजिन मोकळेपणाने फिरू द्यायचे, थ्रॉटल कधी अर्धा, कधी त्याहून थोडा जास्त द्यायचा, उतारावर गिअर न काढता थ्रॉटल सोडायचा, अशी सूचना होती. पहिल्या वळणांवर त्यांना इंजिनाच्या आवाजाचीच भीती वाटत होती. कासला पोहोचेपर्यंत ती गेली.

या रीतीने रनिंग-इनचे, म्हणजे नव्या इंजिनाचे भाग एकमेकांत नीट बसण्याचे, राहिलेले कामही पार पडते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घट्ट दाबण्याचे काम ज्वलनाचा वायूच करतो, आणि तो दाब इंजिनाने भार घेतला तरच तयार होतो. सतत एकाच मंद वेगाने चालवलेल्या नव्या इंजिनात भिंतीवरील होनिंगच्या (कारखान्यात मुद्दाम घासून पाडलेल्या) बारीक रेषांवर झिलई चढते, रिंगा कधीच नीट बसत नाहीत, आणि मग जी काजळी आज कोरडी आहे ती पुढे तेलकट होते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत सुरुवातीच्या किलोमीटरसाठी वेगाची किंवा आरपीएमची जी कमाल मर्यादा असते ती पाळायलाच हवी. पण त्याच पानावर वेग बदलता ठेवा, इंजिन ओढत चालवू नका, असेही लिहिलेले असते, आणि ते फारसे कोणी वाचत नाही.

घाटातून परत आल्यावर गाडी बाजारातून न फिरवता लगेच बंद केली, कारण शेवटची दहा मिनिटे गर्दीत काढली तर प्लगवर त्या गर्दीचाच रंग दिसतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढला. सिरॅमिकचे नाक स्वच्छ होते, बुडाशी फिकट बदामी छटा होती, इलेक्ट्रोड राखाडी. शिसेविरहित पेट्रोलवर चालणाऱ्या नीट जुळवलेल्या इंजेक्शनच्या इंजिनात प्लग पांढराच राहू शकतो. जुन्या पुस्तकांतल्या गडद विटकरी रंगाची वाट पाहत बसू नये.

पाठपुरावा

दिनचर्येत तीन बदल सुचवले आणि ते पाळले गेले. सेल्फ मारल्यावर आयडलिंग स्थिर झाले, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत, निघायचे आणि पहिला किलोमीटर सावकाश जायचे. गावात तिसऱ्या गिअरच्या वर जाण्याची घाई करायची नाही. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटरची सलग फेरी मारायची. रविवारची फेरी आता वडिलांना मागे बसवून होते, आणि जागेवर गाडी गरम करण्याचा आग्रह त्यांनी सोडला आहे. आपल्या येझदीचा हिशेब या इंजिनाला लागू नाही, हे पटवून देताना जुना काळा प्लग त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांना जास्त समजवावे लागले नाही.

पुढच्या सर्व्हिसला गाडी आली तेव्हा थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होत होते, अ‍ॅव्हरेज पहिल्या महिन्याच्या जवळ आले होते आणि ऑइलला पेट्रोलचा वास नव्हता. मिसिंगच्या काळात न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो जास्त तापून निकामी होऊ शकतो, म्हणून त्याचीही तपासणी करून घेतली. तो ठीक निघाला. प्लग मात्र मुद्दाम काढला नाही. लक्षण नसताना तो उघडण्यात या हेडच्या बाबतीत लाभापेक्षा जोखीम जास्त आहे, आणि साधा प्लग पुस्तिकेने सांगितलेल्या अंतरापर्यंत, बहुतेक गाड्यांत दहा-बारा हजार किलोमीटरपर्यंत, सहज जातो.

सर्व्हिस बुकच्या शेवटच्या पानावर पुढच्या मेकॅनिकसाठी लिहून ठेवले आहे : प्लगचा क्रमांक, फट ०.८ ते ०.९ मिमी, रोधक आवश्यक, टॉर्क ११ न्यूटन-मीटर, बाहेरचे दोन आटे दुरुस्त केलेले आहेत, इंजिन गरम असताना प्लग काढू नये.